सुरतेच्या कागदांतला इथिओपिया

जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, ही हकिकत मराठी वाचकाला शाळेपासून पाठ असते. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला, इंग्रज आणि डच यांनी आपापल्या वखारी कशाबशा राखल्या, शहराचा मोठा भाग जळाला. त्याच धामधुमीत इथिओपियाच्या सम्राटाचे दोन वकीलही सुरतेत अडकले होते, ही गोष्ट मात्र आपल्या पुस्तकांत एखाद्या ओळीपलीकडे जात नाही. सम्राट फासिलदासने त्यांना औरंगजेबाकडे धाडले होते. एक मुसलमान व्यापारी होता, दुसरा मुराद नावाचा आर्मेनियन ख्रिस्ती. नजराण्यात निवडक गुलाम होते, घोडे होते, हस्तिदंत होते, अंगावर पट्टे असलेल्या खेचरासारख्या एका जनावराचे कातडे होते आणि जवादी कस्तुरीने भरलेले बैलाचे भलेमोठे शिंग होते. लुटीनंतर वकिलांजवळ सम्राटाचे पत्र, काही आजारी गुलाम, अंगावरचे कपडे, ते कातडे आणि रिकामे झालेले शिंग एवढेच उरले. हे आपल्याला कळते ते दिल्लीत राहणाऱ्या फ्रान्स्वा बर्निये या फ्रेंच वैद्याच्या प्रवासवर्णनातून. इथिओपियाच्या एका वकिलातीची सर्वांत भरीव माहिती सुरत आणि दिल्ली यांच्या वाटेवर जन्मते, हा अपवाद नाही. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इथिओपियाच्या इतिहासाचा एक मोठा हिस्सा गुजरातच्या बंदरांतून गेलेल्या माणसांच्या लेखणीतच शिल्लक आहे, आणि तो बाजूला ठेवून त्या देशाचा इतिहास पुरा होत नाही, असे माझे म्हणणे आहे.

इथिओपियात इतिहास लिहिला जात नव्हता म्हणून ही वेळ आली, असे मात्र समजू नये. चौथ्या शतकात अक्सूमचा राजा एझाना आपल्या स्वाऱ्यांची हकिकत दगडावर गीझ आणि ग्रीक या दोन्ही भाषांत कोरून ठेवत होता. चौदाव्या शतकात ‘केब्रा नेगस्त’ हा ग्रंथ सिद्ध झाला आणि राजघराण्याचे मूळ सॉलोमन व शेबाची राणी यांच्याशी जोडले गेले. त्याच शतकात सम्राट अम्दा सियोनच्या १३३२ च्या मोहिमेचे जोरकस वर्णन गीझ भाषेत लिहिले गेले. पुढे गलाव्देवोस, सर्सा देंगल, सुसेन्योस यांच्या राजबखरी झाल्या. १५९३ मध्ये बाह्रे नावाच्या धर्मोपदेशकाने ओरोमो लोकांवर छोटा ग्रंथ लिहिला. हे लोक आपल्याला का हरवतात, हा प्रश्न त्याने विचारला आणि उत्तर दोन्ही समाजांच्या रचनेत शोधले. त्या काळाच्या मानाने ही विलक्षण बुद्धी आहे. याखेरीज संतचरित्रे आहेत आणि जमिनीची दानपत्रे आहेत. दानपत्रे बायबलच्या पोथ्यांतल्या कोऱ्या पानांवर उतरवून ठेवत, कारण पवित्र ग्रंथात खाडाखोड करायला कुणाचा हात धजावणार नाही. दान मोडणाऱ्याला त्यात शापही दिलेले असतात. आपल्याकडच्या शिलाहारकालीन गधेगाळी पाहिलेल्या माणसाला या कागदांची ओळख लगेच पटेल.

पण राजबखर काय सांगते आणि काय गाळते, हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढताना राजवाड्यांनी बखरींच्या विश्वसनीयतेवर घणाघात केला, आणि अस्सल समकालीन पत्राचे मोल आपल्याकडे तेव्हापासून मनावर ठसले. गीझ राजबखरींनाही हीच कसोटी लावावी लागते. त्या दरबारी किंवा मठवासी लेखकांनी लिहिल्या. राजा, स्वारी, धर्म आणि बंड यांच्यापलीकडे त्यांची नजर क्वचितच जाते. दक्षिणेकडच्या मुलखांची नावे येतात ती बहुधा खंडणीच्या किंवा मोहिमेच्या निमित्ताने. त्या मुलखांतून पकडून मस्सावा, झैला या बंदरांकडे हाकलत नेलेल्या माणसांचे पुढे काय झाले, याची नोंद ठेवणे हे राजाच्या लेखनिकाचे काम नव्हतेच. ही माणसे मोख्याला, एडनला आणि तिथून गुजरातेत पोहोचली. जिथे ती पोहोचली तिथल्या लेखकांनी त्यांच्याबद्दल लिहिले.

या लेखकांत सर्वांत मोठा अब्दुल्ला मुहंमद बिन उमर, म्हणजेच हाजी अद्-दबीर. मक्केत जन्मलेला हा मुलगा १५५५ मध्ये बापाबरोबर गुजरातेत आला आणि चार वर्षांनी मुहंमद उलुगखान या हबशी सरदाराच्या चाकरीत लागला. म्हणून तो स्वतःला उलुगखानी म्हणवतो. गुजरातची सल्तनत तेव्हा मोडकळीस आली होती आणि अनेक ठाणी हबशी अमिरांच्या हातात होती. अकबराने १५७२-७३ मध्ये गुजरात घेतल्यावरही हा गृहस्थ हबशी घरांशी जोडलेला राहिला आणि पुढे खानदेशात एका हबशी अमिराच्या पदरी होता. सतराव्या शतकाच्या आरंभी त्याने अरबीत गुजरातच्या सुलतानांचा इतिहास पुरा केला. त्याची हस्तलिखित प्रत कलकत्त्याच्या मदरशात सापडली, डेनिसन रॉस यांनी ती १९१० ते १९२८ या काळात तीन खंडांत छापली, आणि एम. एफ. लोखंडवाला यांचे इंग्रजी भाषांतर बडोद्याहून निघाले. अहमदाबादेत जाळीची मशीद बांधणाऱ्या सिदी सईदचे चरित्र, त्याची ग्रंथांची आवड, त्याचे अन्नछत्र हे सारे या ग्रंथामुळे टिकले. पण गुजरातचा इतिहास लिहिता लिहिता हा लेखक एकदम तांबडा समुद्र ओलांडतो आणि इमाम अहमद इब्न इब्राहीमने इथिओपियाच्या ख्रिस्ती राज्यावर केलेल्या युद्धाची हकिकत सांगू लागतो. १५२९ ची शिंब्रा कुरेची लढाई, सम्राट लेब्ना देंगलची धावपळ आणि १५४३ मध्ये इमामाचा शेवट हा तो काळ. हाजी दबीरने आधार घेतला तो जिझानच्या शिहाबुद्दीनच्या, ‘अरब फकीह’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेखकाच्या ‘फुतूह अल्-हबशा’ या ग्रंथाचा.

गुजरातच्या इतिहासात हे युद्ध यावे कशाला? कारण ज्या सरदारांची मीठभाकरी हा लेखक खात होता, त्यांच्यातले अनेकजण त्या युद्धाच्या वणव्यातूनच बाहेर फेकले गेले होते. १५३१ मध्ये मुस्तफा रूमीखान दीवला उतरला, त्याच्याबरोबर तुर्क होते, अरब होते आणि हबशीही होते. त्याच तांड्यातला ख्वाजा सफर पुढे खुदावंदखान झाला आणि त्याने पोर्तुगीजांना तोंड देण्यासाठी तापीकाठी सुरतेचा किल्ला बांधला. म्हणजे सुरतेच्या किल्ल्याची कथा आणि इथिओपियाच्या पठारावरची लढाई एकाच पिढीच्या, एकाच समुद्राच्या गोष्टी आहेत. हाजी दबीरला हे दिसले. आपल्याला ते दिसत नाही, कारण आपण इतिहास देशांच्या नकाशावर मांडून वाचतो.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. अरब फकीह इमामाच्या बाजूचा, हाजी दबीर त्याच्या पुस्तकावर विसंबलेला, आणि इथिओपियात तो कधी गेल्याचे दिसत नाही. ऐकीव आणि पक्षपाती साहित्य समकालीन राजबखरीपुढे कसे टिकणार? पण राजबखर पक्षपाती नाही असे कोण म्हणेल? मठ जाळल्याचे दुःख गीझ लेखक लिहितो, तोच मठ जिंकल्याचा अभिमान अरब फकीह लिहितो, आणि मठ जळाला हे दोन वैऱ्यांच्या साक्षीने पक्के होते. अरब फकीहच्या ग्रंथाचा उपलब्ध भाग इमामाच्या अखेरीपर्यंत पोहोचतच नाही. पुढच्या घटनांसाठी गीझ आणि पोर्तुगीज लेखकांकडे वळावे लागते, आणि अशा ठिकाणी दूर गुजरातेत काय वाचले आणि ऐकले जात होते हेही पाहण्याजोगे ठरते. एकेकट्या साधनावर भिस्त ठेवली तर प्रत्येक साधन फसवेल.

बर्नियेच्या बाबतीत ही सावधगिरी अधिकच हवी. तो लुटीच्या वेळी सुरतेत नव्हता, वकिलांनी दिल्लीत सांगितले ते त्याने लिहिले. नजराणा मुळातच किरकोळ होता आणि लुटीचे निमित्त वकिलांच्या पथ्यावर पडले, अशी कुजबुज दिल्लीत चालत होती, हेही तोच नोंदवतो. मग त्याचा वृत्तांत टाकून द्यावा का? लूट झाली याला इंग्रज आणि डच वखारींच्या कागदांची स्वतंत्र साक्ष आहे. मुराद ही कल्पित व्यक्ती नाही. इथिओपियाच्या सम्राटांसाठी त्याने बटाव्हियापर्यंत केलेल्या फेऱ्यांचे डच कंपनीचे कागद उपलब्ध आहेत आणि व्हान डोन्झेल यांनी १९७९ मध्ये ते एकत्र प्रसिद्ध केले. नजराण्याची यादी थोडी फुगवलेली असेल, पण वकिलातीचा हेतू फुगवण्याजोगा नव्हता. फासिलदासने जेझुइटांना हाकलून दिले होते, पोर्तुगीजांचे दार बंद केले होते आणि आता तो मुसलमान शेजाऱ्यांशी व मोगलांशी संधान बांधत होता. सुसेन्योसच्या बखरीइतकी सविस्तर राजबखर या फासिलदासची मिळत नाही. त्यामुळे त्याच्या परराष्ट्रनीतीचा माग काढणाऱ्याला सुरत चुकवता येत नाही. औरंगजेबाने इथिओपियातल्या एका मशिदीच्या दुरुस्तीसाठी पैसे दिले, ही बर्नियेची नोंद त्या नीतीवर केवढा प्रकाश टाकते!

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. भारतात आलेला हबशी इथला झाला; त्याने फारसी-दख्खनी उचलली, इस्लाम स्वीकारला, इथल्या गादीसाठी लढला. त्याचा इतिहास तो भारताचा इतिहास; इथिओपियाचा त्यावर हक्क काय? मलिक अंबर हे याचे सर्वांत लखलखीत उदाहरण. खडकी वसवणारा, निजामशाही सावरून धरणारा, मराठा सरदारांना गनिमी काव्यात वावरू देणारा हा पुरुष महाराष्ट्राचाच, यात वाद नाही. पण तो कुठून आला हे आपल्याला कोण सांगतो? १६१६ मध्ये सुरतेत डचांची वखार घालणारा पीटर व्हान डेन ब्रुके. दुसऱ्या वर्षी सुरतेच्या दक्षिणेला डच जहाजे वाळूत रुतून फुटली, तेव्हा तो खुष्कीच्या मार्गाने मछलीपट्टणकडे निघाला आणि वाटेत अंबरला भेटला. अंबर हबशी, त्याचे मूळचे नाव चापू, मोख्याच्या बाजारात तो विकला गेला, असे त्याने लिहून ठेवले. गीझ पोथ्यांत या मुलाची नोंद असण्याचे कारणच नव्हते. पण जो देश आपल्या दक्षिण सीमेवरची पोरे पिढ्यान्‌पिढ्या परदेशी विकली जाताना पाहत होता, त्या देशाच्या इतिहासात ही विक्री मोजायची नाही का? ती मोजली नाही तर इतिहास म्हणजे राजाच्या छावणीची रोजनिशी होऊन बसते. हबशी भारताचा झाला हे खरे, आणि त्याला इथिओपियाने गमावले हेही तितकेच खरे.

आणि ज्यांना मूळ, देशी साधने म्हणतात त्या गीझ पोथ्या तरी घरी कुठे राहिल्या? जेम्स ब्रूसने अठराव्या शतकात पोथ्या नेल्या, त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८६८ मध्ये मुंबई फौजेचा सेनापती रॉबर्ट नेपियर हिंदी पलटणी आणि हत्ती घेऊन झुलाच्या किनाऱ्यावर उतरला. मकदालाच्या डोंगरी किल्ल्यावर सम्राट टेवोड्रोसने स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि त्याने जमवलेला ग्रंथसंग्रह लुटला गेला. शेकडो पोथ्या लंडनला पोहोचल्या. ‘केब्रा नेगस्त’ची प्रत परत द्या, असे सम्राट योहान्नेसला पत्र लिहून मागावे लागले आणि १८७२ मध्ये ती परत गेली, बाकीच्या बहुतेक तिथेच आहेत. इथिओपियाच्या मध्ययुगावर आज जे अभ्यासपूर्ण लेखन होते, त्यात तद्देसे तामरात यांचा १९७२ चा धर्मसत्ता आणि राज्यसत्ता यांवरचा ग्रंथ मला सर्वांत मोलाचा वाटतो. गीझ संतचरित्रे, दानपत्रे आणि अरबी लेखन एकमेकांवर घासून पाहण्याची रीत त्यात दिसते. अरबस्तानापर्यंत गेलेली ही रीत आणखी पूर्वेला, तापीच्या मुखापर्यंत आणायला हवी.

तसे करायला साहित्य कमी नाही. जंजिऱ्याचे सिद्दी मोगल आरमाराचे प्रमुख झाल्यावर सुरतेच्या महसुलातून त्यांचा खर्च चालू लागला, त्यांची गलबते पावसाळ्यात सुरतेच्या आश्रयाला येत, आणि इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रांत त्यांची तक्रार वर्षानुवर्षे वाजत राहते. १७९१ मध्ये जंजिऱ्यावरचा हक्क सोडण्याच्या बदल्यात पेशव्यांनी सिदी अब्दुल करीमखानाला सुरतेजवळचा मुलूख दिला, आणि त्यातून सचीनचे संस्थान उभे राहिले. या व्यवहारात नाना फडणिसांच्या काळचा पुणे दरबार, मुंबईचे इंग्रज आणि एक हबशी घराणे असे तिघे गुंतलेले आहेत, म्हणजे त्याचे कागद मोडी, फारसी आणि इंग्रजी अशा तीन भाषा-लिप्यांत विखुरलेले आहेत. मोडी वाचणारे अभ्यासक महाराष्ट्रात आहेत आणि गीझ वाचणारे अदिस अबाबात आहेत. हाजी दबीरच्या अरबी ग्रंथाचे बडोद्याला झालेले भाषांतर दोघांनाही वाचता येते. कामाची सुरुवात तिथून करता येईल.