वेढ्यातले बियाणे

नेवा नदीच्या मुखाशी, दलदलीच्या जागेवर, झार पीटरने १७०३ साली सेंट पीटर्सबर्ग वसवले. हेच शहर १९१४ मध्ये पेट्रोग्राड, १९२४ मध्ये लेनिनग्राड आणि १९९१ मध्ये पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झाले. ऑयलरचे बरेचसे गणित आणि मेंडेलीव्हची आवर्तसारणी (१८६९) इथलीच. पण विज्ञानाच्या इतिहासात या शहराची आठवण आणखी एका कारणासाठी ठेवायला हवी.

वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह यांनी देशोदेशी हिंडून पिकांचे वाण इथल्या संस्थेत जमवले होते. रोगाला किंवा थंडीला तोंड देणारा गुण कोणत्या वाणात दडला आहे, हे आधी कळत नाही; म्हणून सगळेच जपायचे.

८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन सैन्याचा वेढा पडला. तो ८७२ दिवस टिकला. पहिल्या हिवाळ्यात कामगार सोडून इतरांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळे. संस्थेत धान्याची हजारो पाकिटे होती. पण दुर्मिळ बियाणे शिजवले, की तो वाण कायमचा गेला. भाताचा संग्रह सांभाळणारे दिमित्री इवानोव्ह आणि भुईमुगाचे अलेक्झांडर श्चुकिन उपासमारीने गेले. पाकिटे मात्र शाबूत राहिली.

खुद्द वाव्हिलोव्ह १९४० पासून स्टालिनच्या राजवटीत कैदेत होते. १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात तेही खंगून वारले.

जैवविविधता शिकवताना व्याख्येआधी ही हकिकत सांगा. मग मुलांना विचारा : त्या पाकिटांत नेमके काय होते?