बिदरीची जन्मकथा आणि जस्ताची साक्ष

बालाघाटाच्या डोंगररांगेत मांजरसुंब्याला सोलापूर-धुळे महामार्ग आणि नगरहून अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता एकमेकांना छेदतात. शेजारच्या पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा याच डोंगरातून पूर्वेकडे निघते आणि केज, लातूर, निलंग्याचा मुलूख मागे टाकून बीदरच्या बाजूला पोहोचते. 1956 पर्यंत बीड आणि बीदर हे एकाच हैदराबाद राज्याचे जिल्हे होते. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके तर बीदर जिल्ह्यातच मोडत. म्हणून मांजरेच्या खालच्या अंगाला वाढलेली बिदरीची कारागिरी ही मराठवाड्याच्या इतिहासाचीही बाब आहे, आणि तिची रूढ जन्मकथा तपासून पाहणे आपले काम आहे. ही कला इराणातून आली, असे ती कथा सांगते: अब्दुल्ला बिन कैसर नावाचा कारागीर पंधराव्या शतकात बहमनी दरबारात आला आणि त्याने काळ्या धातूत चांदी जडवण्याची विद्या इथे रुजवली. माझ्या मते ही कथा फार तर अर्धी खरी असावी. उरलेल्या अर्ध्या भागाचा निवाडा त्या मिश्रधातूकडूनच घ्यावा लागतो.

बिदरीचे भांडे म्हणजे बहुतांशी जस्त. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी डॉ. हॅमिल्टन यांनी पूर्णियातल्या कारागिरांचे प्रमाण नोंदवले, ते असे: जस्त 12,360 ग्रेन, तांबे 460, शिसे 414. म्हणजे शंभरात साधारण 93 भाग जस्त, साडेतीन तांबे आणि तीन शिसे. त्याच काळात डॉ. हाइन यांनी दिलेल्या कृतीत आधी 16 औंस तांबे, 4 औंस शिसे आणि 2 औंस कथील एकत्र वितळवायचे आणि त्या मिश्रणाच्या दर 3 औंसांना 16 औंस जस्त घालायचे. इथे तांबे अकरा टक्क्यांवर जाते. प्रमाणे इतकी वेगळी असूनही दोन्हीकडे तांबे आहे, आणि ते असण्याला कारण आहे. अशा मिश्रधातूचा रस थंड होऊ लागला की आधी तांबे-जस्ताचे संयुग घट्ट होते. त्यात तांब्याच्या एका अणूमागे जस्ताचे सुमारे पाच अणू असतात. झाडाच्या फांद्यांसारखे त्याचे स्फटिक पसरतात आणि उरलेले, तांबे कमी असलेले मऊ जस्त त्यांच्या भोवती थिजते. या सांगाड्यामुळे ओतीव जस्ताला कठीणपणा येतो. शिसे मात्र घट्ट जस्तात जवळपास विरघळतच नाही; ते बारीक ठिपक्यांसारखे वेगळे राहते. तीन धातू एका मुशीत असले तरी खरी सोयरीक दोघांचीच, तिसरा पाहुणा.

काळ्या रंगाचे श्रेय लोक बीदरच्या किल्ल्यातल्या मातीला देतात. कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात, नवसागराबरोबर तिचे पाणी करतात, आणि किंचित तापवलेल्या भांड्याला ते लागले की धातू काळाकुट्ट होतो, चांदी तशीच पांढरी राहते. या मातीत सोऱ्याचा अंश असतो, तिचे काम खरे आहे; अनेक पिढ्यांनी जिभेने केलेली ही पारख हलकी लेखण्याचे कारण नाही. तरी नुसत्या जस्ताला तीच माती लावली तर तो गडद काळेपणा येत नाही. त्यासाठी धातूत तांबे हवे. शिवाय ही कला लखनौ, मुर्शिदाबाद आणि पूर्णियातही वाढली, म्हणजे एकट्या किल्ल्याच्या मातीवर ती अवलंबून नव्हती. रंगाची तयारी ओतशाळेतच झालेली असते.

आता इराणचा प्रश्न. तिथे जस्ताचे भस्म ठाऊक होते आणि ते तांब्याबरोबर तापवून पितळही होत असे, हा आक्षेप योग्य आहे. पण बिदरीला भस्म चालत नाही, सुटे जस्त लागते, आणि ते मिळवणे अवघड. जस्त 907 अंशांना उकळते. भट्टीत खनिजातून मोकळे होताच त्याची वाफ होते आणि हवा लागली की पुन्हा भस्म. ही वाफ मातीच्या वांग्याच्या आकाराच्या मुशींतून खाली उतरवून थंड करण्याची रीत राजस्थानातल्या जावर इथे चौदाव्या शतकाच्या सुमारास मोठ्या प्रमाणावर चालत होती. युरोपात विल्यम चॅम्पियनने ब्रिस्टलला जस्त काढण्याचे पेटंट 1738 मध्ये घेतले. तेव्हा चांदी जडवण्याचा हात इराणी असू शकेल, नक्षीही असेल; शंभरात नव्वद भाग जस्ताचे ओतकाम मात्र जिथे जस्त हाताशी येत होते तिथेच जमले असणार.

यावर एक अडचण उरते: आज हाती असलेली जुनी बिदरी भांडी सोळाव्या शतकाच्या अखेरीपासूनची, बहुतेक सतराव्या शतकातली. बहमनी काळातले निःसंशय असे एकही नाही. म्हणून पंधरावे शतक हे मी सिद्ध धरत नाही. जस्त नाशिवंत होते म्हणून जुनी भांडी गेली, हे उत्तरही पटत नाही. जस्ताच्या ओतीव वस्तू आतून भुगा होऊन फुटतात, ते अ‍ॅल्युमिनियम आणि शिसे एकत्र आल्याने; बिदरीत अ‍ॅल्युमिनियम नाही. सतराव्या शतकातले हुक्के आजही तग धरून आहेत, आणि त्यांचा काळा थर झिजला तर नवसागर आणि मातीचा लेप पुन्हा लावून तो परत आणता येतो.