मसाल्याचा चहा (बीड जिल्हा)
आले, वेलची, सुंठ, लवंग, मिरी यांपैकी घरात असेल ते घालून उकळलेला चहा. बीडमध्ये चहाचे मळे नाहीत. चुलीवर चढते ती बाहेरून येणारी दाणेदार सीटीसी पत्ती. पत्ती दाणेदार करण्याची ही सीटीसी पद्धत १९३० च्या दशकात आसामात निघाली. परसातली गवती चहाची पात मात्र घरची.

ठेचलेले आले आणि पात आधी पाण्यात उकळतात, मग पत्ती व साखर, शेवटी दूध. गुळाचा चहा जपून करावा लागतो. उकळीत दूध ओतले तर ते नासण्याची भीती असते. म्हणून भांडे खाली उतरवून वेगळे तापवलेले दूध त्यात घालतात. दूध नसेल तर कोराच पितात.

ऊसतोडीचा उल्लेख केल्याशिवाय इथल्या चहाची नोंद अपुरी राहील. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. तोडणीला भल्या पहाटे जायचे असते, आणि त्याआधी कोपीपुढे, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीपुढे, तीन दगडांच्या चुलीवर चहा ठेवणारी बाई सगळ्यांच्या आधी उठलेली असते. तिथे मसाला म्हणजे बहुधा आल्याचा एक तुकडा.