बापू गोखले

बापू गोखले म्हणजे नरहर गणेश गोखले, पेशवे दुसऱ्या बाजीरावांचे अखेरचे सेनापती. घराणे रत्नागिरी भागातील तळेखाजणचे. कर्नाटकच्या मोहिमांत ते चुलते धोंडोपंतांच्या हाताखाली तयार झाले. १८०० साली बंडखोर धोंडजी वाघाशी लढताना धोंडोपंत पडले आणि पथकाची जबाबदारी बापूंवर आली. त्याच वर्षी इंग्रज सेनानी वेलस्लीने धोंडजीचा पाठलाग केला, त्यात बापूंचे घोडदळही होते. म्हणजे इंग्रजी फौजेची लढण्याची रीत त्यांनी जवळून पाहिली होती, आणि हे माहीत असूनच ते पुढे तिच्यासमोर उभे राहिले.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी पुण्याजवळच्या खडकीच्या रणात त्यांनी स्वतः पुढे होऊन हल्ला चढवला. इंग्रजांच्या डाव्या फळीसमोर दलदल होती. भरधाव घोडी तीत रुतली, मागची पुढच्यांवर आदळली आणि हल्ल्याचा जोर तिथेच मोडला. बाजीराव त्या वेळी पर्वतीवरून लढाई पाहत होते.

फेब्रुवारी १८१८ मध्ये पंढरपूरजवळच्या आष्टीला इंग्रजांच्या जनरल स्मिथने पेशव्यांना गाठले. बाजीराव घोड्यावर बसून निसटले. त्यांची वाट राखण्यासाठी बापू थोड्या स्वारांनिशी शत्रूवर तुटून पडले आणि तलवार हाती असतानाच पडले. या चकमकीत स्मिथही जखमी झाला, आणि पेशव्यांसोबत असलेले छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले.

साडेतीन महिन्यांनी, ३ जून रोजी, बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाले. पेशवाईच्या पराभवाचा हिशेब मांडताना सेनापतीची ही निष्ठा वाचकांनी धन्याच्या खात्यावर जमा करू नये.