मुक्कामाचं गाणं

झाडूचा जुना दांडा घ्यायचा. वरच्या टोकाजवळ एक आडवी पट्टी ठोकायची. बिअरच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणं मधोमध भोक पाडून, दोन-दोन तीन-तीन मिळून खिळ्यांत सैल ओवायची आणि ते खिळे दांड्यावर ठोकत जायचं. दांडा जमिनीवर आपटला की सगळी झाकणं एकदम छणछणतात. दातेरी काठी त्यावर घासली की करकर आवाज निघतो. ऑस्ट्रेलियात या वाद्याला लेगरफोन म्हणतात. न्यू साउथ वेल्समधल्या होलब्रुक या छोट्या गावात रेडक्रॉसच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात, सशांना विष घालायचं काम करणाऱ्या एका माणसानं ते वाजवलं. प्रेक्षकांत क्लॉड मेरेडिथ होता. त्यानं तसंच एक बनवलं, आणि त्याचा भाऊ जॉन यानं १९५२च्या सुमारास सिडनीत मित्रांना घेऊन ‘बुशव्हॅकर्स’ हा बँड काढला, त्यात या दांड्याला मानाची जागा मिळाली.

शहराबाहेरचा झाडाझुडपांचा, माळरानांचा, एकाकी शेतांचा सगळा मुलूख ऑस्ट्रेलियन माणूस ‘बुश’ या एका शब्दात बसवतो. या मुलखात आज वर्षभर कुठे ना कुठे संगीताचे मुक्काम भरतात. शुक्रवारी संध्याकाळी गाडी भरायची, नदीकाठी किंवा एखाद्याच्या शेतात तंबू ठोकायचा, रविवारी दुपारपर्यंत गाणं, वाजवणं, नाचणं. लेकाकडे सिडनीला किंवा लेकीकडे मेलबर्नला गेलेल्या मराठी आईवडिलांना अशा मुक्कामाचं आमंत्रण आलं, तर पहिला प्रश्न पडतो तो सामानाचा: न्यायचं काय, निजायचं कुठे, तिथे गेल्यावर करायचं काय? या प्रश्नांची बरीचशी उत्तरं इतिहासात आहेत. हे संगीत जन्मलं तेच घरदार पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या कामगारांच्या मुक्कामांत.

त्या कामगारांत सगळ्यांत मोठा भरणा मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्यांचा, म्हणजे शिअररांचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही माणसं हंगामभर एका शेडमधून दुसऱ्या शेडकडे जात. मजुरी शंभर मेंढ्यांमागे ठरलेली. जॅकी हाऊ या शिअररनं १८९२ मध्ये क्वीन्सलंडमधल्या ॲलिस डाउन्सला साध्या हातकातरीनं ७ तास ४० मिनिटांत ३२१ मेंढ्या कातरल्या, ही गोष्ट अजून सांगितली जाते. पण मेंढ्या पावसात भिजल्या की कातरणी बंद. ओली लोकर आजाराला कारण होते अशी शिअररांची धारणा होती, म्हणून मेंढ्या ओल्या की कोरड्या यावर ते चक्क मतदान घेत. ओल्या ठरल्या की दिवस मोकळा, मजुरी नाही. मग झोपडीत बसून गाणी.

वाद्यंही मुक्कामाच्या मापाची होती. माउथ ऑर्गन खिशात मावे, कॉन्सर्टिना घोंगडीच्या वळकटीत बांधता येई, बटणांचा ॲकॉर्डियन खोगिराला लटकवता येई. तेही नसलं तर दोन चमचे, बैलाच्या बरगडीची दोन हाडं, रॉकेलचा डबा. पुढे त्यात चहाच्या खोक्याची भर पडली. भारतातून आणि सिलोनमधून चहा ज्या प्लायवुडच्या खोक्यांतून येई, त्यातलं एक रिकामं खोकं पालथं घालायचं, मधोमध भोक पाडून दोरी ओवायची, दोरीचं दुसरं टोक काठीला बांधायचं. काठी ताणली की सूर चढतो, सैल सोडली की उतरतो. आसामच्या किंवा निलगिरीच्या मळ्यातून निघालेलं खोकं असं बुशमधल्या नाचाला खर्जाची साथ देत असे.

पाठीवरच्या त्या वळकटीचं नाव ‘स्वॅग’. त्यात घोंगडी, एखादा जादा कपडा, पीठ, चहा, साखर. हातात कडीचा पत्र्याचा डबा, ज्यात चहा उकळायचा. आजही ऑस्ट्रेलियातल्या दुकानांत स्वॅग मिळतो. जाड कॅनव्हासचं कव्हर आणि आत पातळ गादी, उलगडलं की बिछाना तयार. मुक्कामाला जाणाऱ्यानं तो उसना मागून न्यावाच, आणि सोबत लोकरीची घोंगडी किंवा जाड स्लीपिंग बॅग. ऑस्ट्रेलिया म्हणजे ऊन अशी आपली समजूत असते, पण डोंगराळ भागात दिवसभर तापलेल्या माळावर रात्री चांगलाच गारठा पडतो.

कातरणी संपली की शेडमध्ये नाच होई. लोकरीतला मेणचट अंश वर्षानुवर्षं झिरपून शेडची लाकडी जमीन आपोआप गुळगुळीत झालेली असे. गावच्या सभागृहात ती करामत मेणबत्तीचा कीस पसरून साधत. आजूबाजूच्या शेतांवरच्या बायकामुली मैलोनमैल घोड्यावरून किंवा गाडीतून येत, पहाटेपर्यंत नाचत, कारण अंधारात परतणं शक्य नसे. रात्रभर नाचायची ही रीत गरजेतून आली होती.

मग हे सगळं विस्मरणात चाललं. ‘बँजो’ पॅटरसन या कवीनं १९०५ मध्ये जुन्या बुशगीतांचा संग्रह काढला खरा, पण ग्रामोफोन आला, रेडिओ आला, आणि १९५०पर्यंत ही गाणी म्हाताऱ्यांच्या तोंडी तेवढी उरली. जॉन मेरेडिथचं थोरपण इथे आहे. त्याचे वडील स्वतः शिअरर, बटणांचा ॲकॉर्डियन वाजवणारे. त्या काळचा अवजड टेपरेकॉर्डर घेऊन मेरेडिथ लोकांच्या स्वयंपाकघरांत जाऊन बसू लागला. सॅली स्लोन या बाईंकडून त्याला दीडशेच्या वर गाणी आणि धुना मिळाल्या. फिडल, ॲकॉर्डियन, कॉन्सर्टिना असं सगळं त्या वाजवत, आणि बरीच गाणी आयर्लंडहून आलेल्या आजीकडून आईकडे, आईकडून त्यांच्याकडे आली होती. ड्यूक ट्रिटन हा जुना शिअरर तर स्वतः गाणी रचणारा होता. १९५३ मध्ये मेलबर्नच्या न्यू थिएटरनं डिक डायमंडचं ‘रीडी रिव्हर’ हे संगीत नाटक रंगभूमीवर आणलं. १८९१च्या शिअररांच्या मोठ्या संपानंतरच्या दिवसांत घडणारं हे नाटक सिडनीत झालं तेव्हा बुशव्हॅकर्स त्यात होते. लोकांना हे संगीत इतकं आवडलं की आपणही वाजवावं म्हणून मागणी आली, आणि त्यातून १९५४ मध्ये सिडनीत बुश म्युझिक क्लब निघाला. तो आजही चालतो.

नाचांचं जतन करणारी माणसं वेगळी. व्हिक्टोरिया राज्यात कॉरयाँग गावाजवळ नारिएल नावाची दरी आहे. तिथे कॉन क्लिपल यांच्या घराण्यानं आणि शेजाऱ्यांनी पोल्का, शॉटिश, वर्सोव्हिआना असे जुने नाच कधी सोडलेच नव्हते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला शहरातली लोकसंगीतप्रेमी मंडळी नववर्षाच्या सुमारास तिथे येऊन ओढ्याकाठी तंबू ठोकू लागली, आणि देशातल्या सर्वांत जुन्या लोकमहोत्सवांपैकी एक तिथे उभा राहिला. मेलबर्नच्या शर्ली अँड्र्यूज यांनी अशा नाचांवर मेहनतीनं संशोधन करून १९७४ मध्ये पुस्तक लिहिलं. व्यवसायानं जीवरसायनतज्ज्ञ असलेल्या या बाई आदिवासींच्या हक्कांच्या चळवळीतही तितक्याच हिरिरीनं उतरल्या होत्या.

नाच येत नाही म्हणून कोपऱ्यात बसायचं कारण नाही. ‘कॉलर’ नावाचा माणूस प्रत्येक पाऊल ओरडून सांगतो, आधी एकदा संगीताशिवाय फिरवून घेतो, आणि चुकलेल्याला समोरचा हात धरून योग्य जागी ओढतो. पायात बंद, सपाट तळाचे बूट असावेत. चपला घालून गेलं तर अंगठे तुडवले जातात.

तरुणांचे मोठे पॉप महोत्सव या प्रवाहाच्या शेजारून वाहिले. १९७० मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या ओरिम्बाला पहिला झाला. १९७२ मध्ये मेलबर्नजवळ सनबरीच्या शेतात पस्तीस हजारांच्या आसपास माणसं जमली. सनबरी १९७५ मध्ये आर्थिक खड्ड्यात जाऊन बंद पडला. १९७३ मध्ये विद्यार्थी संघटनेनं निंबिन या मरगळलेल्या गावात दहा दिवसांचा ॲक्वेरियस महोत्सव भरवला. त्याच्या आयोजकांनी तिथल्या मूळ रहिवाशांकडे जमीन वापरण्याची परवानगी मागितली. त्या काळात ऑस्ट्रेलियात असं करायची रीत नव्हती.

ही परवानगीची गोष्ट औपचारिकतेची वाटू शकते. ती का महत्त्वाची, हे क्वीन्सलंडच्या ब्लॅकॉल डोंगररांगेत नीट कळतं.

या रांगेत बुन्या नावाचा उंच सूचिपर्णी वृक्ष वाढतो. त्याचं फळ माणसाच्या डोक्याहून मोठं, वजन दहा किलोपर्यंत, आत चविष्ट बिया. साधारण तीन वर्षांतून एकदा बहर भरघोस येई. तेव्हा यजमान टोळ्या दूत पाठवत, आणि शेकडो किलोमीटरवरून वेगवेगळ्या भाषा बोलणारे लोक चालत येत. मॅलेनीजवळचं बारून पॉकेट हे त्यांचं एक मोठं जमण्याचं ठिकाण. तिथे लग्नं ठरत, भांडणं मिटत, देवाणघेवाण होई, रात्री गाणी आणि नाच होत. टॉम पेट्री हा गोरा मुलगा १८४०च्या दशकात अशा मेळ्याला गेला होता. त्याच्या आठवणी १९०४ मध्ये त्याच्या मुलीनं पुस्तकरूपानं काढल्या, त्यांत झाडांवर विशिष्ट घराण्यांची मालकी कशी असे आणि वेलींच्या आधारानं माणसं कशी चढत, हे सगळं आलं आहे.

१८४२ मध्ये गव्हर्नर गिप्स यांनी बुन्याच्या प्रदेशात वसाहत करायला आणि ही झाडं तोडायला बंदी घातली. त्याच वर्षी जवळच्या किल्कॉय फार्मवर विष कालवलेलं पीठ देऊन डझनावारी आदिवासींना मारण्यात आलं. क्वीन्सलंड वेगळी वसाहत झाल्यावर ती बंदीही उठली, लाकूडतोडे शिरले, आणि शतक सरता सरता मेळे थांबले. शिअररांच्या गाण्यांत मालकाविरुद्धचा राग आहे, तहान आहे, एकटेपण आहे. ज्यांच्या जमिनीवर त्या मेंढ्या चरत होत्या, त्यांचं नाव मात्र त्यांत फारसं येत नाही. बुशसंगीतावर प्रेम करणाऱ्यानं ही उणीव डोळ्यांआड करू नये.

त्याच मॅलेनीला १९८७ मध्ये एक लोकमहोत्सव सुरू झाला. बिल हॉरिट्झ आणि क्वीन्सलंडच्या लोकसंगीत संघटनेनं तो उभा केला, आणि जागा अपुरी पडू लागल्यावर १९९४ मध्ये तो वुडफर्डजवळच्या एका जुन्या गुरांच्या फार्मवर गेला. उघड्या पडलेल्या त्या जमिनीवर स्वयंसेवकांनी आजवर लाखाहून अधिक झाडं लावली आहेत. २७ डिसेंबर ते १ जानेवारी असा हा महोत्सव चालतो, आणि त्या भूमीचे पारंपरिक मालक असलेल्या जिनिबारा लोकांचा त्यात सहभाग असतो. तिथला डिसेंबर म्हणजे पावसाचे दिवस. गमबूट, तंबूखाली घालायला जादा ताडपत्री आणि कोरड्या मोज्यांचे दोन जोड नेणारा माणूस तिथे सुखी राहतो.

दक्षिणेत, व्हिक्टोरियात, उन्हाळ्याचं संकट आगीचं. २०१५च्या डिसेंबरात लॉर्नचा फॉल्स महोत्सव वणव्यामुळे ऐनवेळी दुसरीकडे हलवावा लागला, आणि २०१९ मध्ये तो सुरू झाल्यावर नऊ हजारांच्या आसपास माणसांना परत पाठवावं लागलं. बुशच्या मुक्कामाचं चित्र शेकोटीशिवाय पुरं होत नाही, पण सरकारनं ‘टोटल फायर बॅन’ जाहीर केला की शेकोटी, चूल, कोळशाची शेगडी सगळं बंद. म्हणून उन्हाळ्यात दोन दिवस न शिजवता भागेल एवढं खाणं सोबत हवं. दशम्या, चटणी आणि मेतकूट या कामी उत्तम. निघण्याआधी त्या जिल्ह्याचा आगीचा इशारा पाहायचा, गाडीची टाकी भरलेली ठेवायची, बाहेर पडायचे रस्ते दिवसाउजेडी पाहून ठेवायचे.

तंबूची जागा निवडताना सावलीचा मोह आवरावा. नदीकाठचे जुने लाल गम वृक्ष वारा नसतानाही अचानक जाडजूड फांदी टाकतात. त्यांच्याखाली झोपू नये, हे इथल्या जुन्या भटक्यांचं सांगणं अगदी खरं आहे. अंधारात गवतातून जाताना बंद बूट आणि बॅटरी हवी. साप चावलाच तर जखम धुवायची नाही, चिरायची नाही. चावलेला हात किंवा पाय बोटांपासून वरपर्यंत रुंद पट्टीनं घट्ट गुंडाळायचा, काठी बांधून स्थिर करायचा, माणसाला चालू द्यायचं नाही आणि ०००वर फोन लावायचा. ही पद्धत मेलबर्नचे स्ट्रुअन सदरलँड यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस घालून दिली. पट्टी सामानाच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावी.

आता मुख्य गोष्ट, वाजवायची. अशा मुक्कामातलं उत्तम संगीत बहुधा रंगमंचावर होत नाही. ते एखाद्या ताडपत्रीखाली, घडीच्या खुर्च्यांच्या गोलात होतं. त्याला ‘सेशन’ म्हणतात. गावच्या भजनात ऐकणाऱ्याच्या हातीही टाळ येतो, तसंच इथे आहे; फक्त टाळ उचलायच्या आधी थोडा वेळ ऐकायचं. एक धून दोन-तीनदा वाजते, मग थांबता थांबता दुसरीत शिरते. धून येत नसेल तर वाद्य मांडीवर ठेवून बसायचं. ठेका धरणारं वाद्य एका वेळी एकच पुरे; दुसरा लेगरफोन आला की मंडळी पांगतात. कोणी गाऊ लागलं की वाद्यं आपसूक हळू होतात, आणि ध्रुवपदात सगळ्यांनी आवाज मिळवायचा असतो. गोलात फिरत आपली पाळी आली, तर आपल्या भाषेतली ओवी किंवा लावणी म्हणायला काहीच हरकत नाही. सॅली स्लोन बाईंच्या आजीनंही आपली गाणी दुसऱ्या देशातूनच आणली होती.

तयारीसाठी एक करता येईल. मेरेडिथनं गोळा केलेला ध्वनिमुद्रणांचा मोठा संग्रह कॅनबेराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि त्यातलं बरंच इंटरनेटवर ऐकता येतं. निघण्याआधी आठवडाभर त्यातली एखादी सोपी पोल्का रोज ऐकावी, पेटीवर किंवा बासरीवर बोटं बसवून घ्यावीत, जी किंवा डी या पट्टीत, कारण फिडल आणि ॲकॉर्डियनवाले बहुतेक त्याच पट्ट्यांत वाजवतात.