एग्मोरचा प्रक्षेपक आणि घरातला सर्व्हर

स्वदेशी चिप, स्वदेशी ईमेल, नागरिकांचा विदा देशाच्या सीमेत ठेवण्याचा आग्रह, अशा बातम्या आता विज्ञानवृत्तांत नित्याच्या झाल्या आहेत. आयआयटी मद्रासमध्ये घडलेला ‘शक्ती’ प्रक्रियक त्यांतलाच एक आणि त्याचे कौतुक योग्यच आहे. मात्र या चर्चेत एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. यंत्र देशी असो वा विदेशी, ते चालते कोणाच्या घरात आणि रोजच्या रोज चालते ठेवतो कोण? जुन्या लॅपटॉपवर किंवा तळहाताएवढ्या रास्पबेरी पायवर कुटुंबाची छायाचित्रे, पुस्तके, टिपणे साठवून आपला सर्व्हर आपणच चालवणारी हौशी मंडळी आज प्रत्येक शहरात आहेत. त्यांना हा प्रश्न रोज भेटतो. मी ज्या चेन्नईत काम करतो, त्या शहराने तो शंभर वर्षांपूर्वी रेडिओच्या रूपात सोडवून पाहिला होता. ती हकीकत विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावी असे मला वाटते.

भारतातील नभोवाणीचा आरंभ सरकारने केला, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात तो हौशी लोकांनी केला. ऑगस्ट १९२१ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने टपाल-तार खात्याच्या साहाय्याने मुंबईहून संगीताचा एक कार्यक्रम प्रक्षेपित केला आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी तो पुण्यात ऐकला. तो एकवारचा प्रयोग होता. जून १९२३ मध्ये मुंबईच्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कलकत्त्याच्या रेडिओ क्लबांनी आपापली प्रक्षेपणे सुरू केली. मद्रासला सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी आणि त्यांच्या सोबत्यांनी १६ मे १९२४ रोजी ‘मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब’ स्थापला. चेट्टींनी इंग्लंडहून आणलेले सुटे भाग इथे जोडले होते. ३१ जुलैपासून एग्मोर भागातील हॉलोवेज गार्डनमधून क्लबचा आवाज शहरावर पसरू लागला. रोज संध्याकाळी काही वेळ संगीत, काही वेळ व्याख्याने. प्रक्षेपक आरंभी ४० वॅटचा होता, पुढे २०० वॅटचा आला.

या दोन आकड्यांवर क्षणभर थांबू. शक्ती पाचपट वाढली म्हणून आवाज पाचपट दूर गेला असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तरंगाच्या विद्युत् क्षेत्राची तीव्रता शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पाचपट शक्तीने क्षेत्र जेमतेम सव्वादोनपट होते. अंतराचा लाभ फार तर तितकाच, जमिनीतले शोषण धरले तर त्याहूनही कमी. खर्च मात्र शक्तीच्या मागोमाग वाढतो. मोठे व्हॉल्व्ह, अधिक दाबाचा वीजपुरवठा आणि जळालेल्या प्रत्येक व्हॉल्व्हसाठी पुन्हा विलायतेकडे मागणी.

दुसऱ्या टोकाला श्रोता कसा होता? त्याच्याकडे गॅलेना खनिजाचा लहानसा खडा, त्यावर टेकवलेली बारीक तार, तारेचे वेटोळे, लांब एरियल आणि कानाला लावायचे हेडफोन एवढे असले तरी पुरे. त्या स्फटिक-संचाला ना बॅटरी लागे ना वीज. हेडफोनचा पडदा हलवणारी ऊर्जा थेट प्रक्षेपकाकडून आलेल्या तरंगातूनच मिळे. म्हणजे श्रोत्याचा खर्च एकदाचा आणि प्रक्षेपकाचा अखंड. शिवाय आपले कोण ऐकत आहे, हे प्रक्षेपकाला कळण्याचा कोणताही भौतिक मार्ग नाही. तरंग ऐकणाऱ्याचा हिशेब ठेवत नाही.

क्लब बुडाला तो याच विषमतेत. तांत्रिक कौशल्य होते, उत्साह होता, ऐकणारेही होते. नियमित पैसा नव्हता. ऑक्टोबर १९२७ मध्ये प्रक्षेपण थांबले. गंमत अशी की त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईत आणि २६ ऑगस्टला कलकत्त्यात ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’ची दीड-दीड किलोवॅटची केंद्रे थाटात सुरू झाली होती. मद्रासच्या वाट्याला कंपनीचे केंद्र आलेच नाही. श्रोत्याने सरकारला वर्षाला दहा रुपये परवाना शुल्क द्यायचे आणि त्यांतले आठ कंपनीला मिळायचे, अशी व्यवस्था होती. पण साऱ्या देशात परवानेच आठ हजारांच्या आत राहिले. १ मार्च १९३० रोजी कंपनीचेही दिवाळे निघाले. जो हिशेब हौशी क्लबला जुळवता आला नाही, तो भांडवलदारांनाही जुळला नाही, ही नोंद इतिहासात ठळक व्हायला हवी.

यानंतर मद्रासमध्ये जे घडले ते मला या साऱ्या कथेतील सर्वांत मोलाचे वाटते. क्लबने आपला प्रक्षेपक महानगरपालिकेच्या स्वाधीन केला होता. पालिकेने तो रिपन बिल्डिंगमध्ये, म्हणजे स्वतःच्या मुख्यालयात, बसवला आणि १ एप्रिल १९३० पासून नियमित नभोवाणी सुरू केली. त्याच दिवशी सरकारने दिवाळखोर कंपनीची मुंबई व कलकत्ता केंद्रे ताब्यात घेतली. पालिकेचे प्रक्षेपण संध्याकाळी असे. पालिकेच्या शाळांतील मुलांसाठी गोष्टी आणि संगीताचे वेगळे कार्यक्रम होत. मरीना किनाऱ्यावर आणि उद्यानांत ध्वनिवर्धक बसवले होते. ज्याच्या घरी संच नाही, तोही समुद्राच्या वाऱ्यात बसून गाणे ऐकू शकत होता. श्रोता मोजता येत नाही ही जी क्लबची अडचण होती, तिच्यावर पालिकेने साधा तोडगा काढला: श्रोता मोजायचाच नाही. रस्त्यावरच्या दिव्याखालून कोण गेले हे पालिका कुठे मोजते?

दिल्लीतील सरकारने मात्र ऑक्टोबर १९३१ मध्ये खर्च परवडत नाही म्हणून नभोवाणी बंद करण्याचा निर्णय घेतला. पुढच्याच महिन्यात लोकांच्या ओरडीमुळे तो फिरवावा लागला. मद्रासची नगरसेवा १६ जून १९३८ पर्यंत चालली. त्या दिवशी ऑल इंडिया रेडिओचे केंद्र एग्मोरच्याच मार्शल्स रोडवर उघडले आणि शहराचा आवाज देशाच्या यंत्रणेत विलीन झाला. नवे केंद्र अधिक समर्थ होते, यात शंका नाही. तरीही आठ वर्षे एका नगरपालिकेने स्वतःची नभोवाणी चालवली, हा प्रयोग आपल्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीनेही येत नाही.

दरम्यान १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा आला. परवान्याविना बिनतारी यंत्र नुसते बाळगणे हाही गुन्हा ठरला. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच हौशी प्रक्षेपकांचे परवाने रद्द झाले आणि यंत्रे जमा करण्याचे हुकूम निघाले. या पार्श्वभूमीवर मुंबईतील १९४२ चे काँग्रेस रेडिओ पाहावे. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरला पकडले जाईपर्यंत प्रक्षेपक या घरातून त्या घरात हलवत राहिले. यंत्र उभारणारे नरिमन प्रिंटर हे स्वतः हौशी रेडिओचालक होते आणि अखेरीस पोलिसांना ठिकाण दाखवणारेही तेच. काँग्रेस रेडिओ आपली तरंगलांबी ४२.३४ मीटर असल्याचे सांगत असे. विद्यार्थ्यांनी प्रकाशाच्या वेगाला या संख्येने भागून पाहावे. उत्तर सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ येते. आज हौशी रेडिओचालकांना कायद्याने मोकळा असलेला चाळीस मीटरचा पट्टा नेमका तिथेच आहे.

स्वातंत्र्यानंतरही ऐकणारा अनेक आणि बोलणारा एक, ही रचना दीर्घकाळ टिकली. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी वाहून नेणारे तरंग ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. तो देणाऱ्या पीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. त्या वाटेने १ फेब्रुवारी २००४ रोजी देशातले पहिले परिसर-केंद्र सुरू झाले, तेही चेन्नईतच: अण्णा विद्यापीठाचे ‘अण्णा एफएम’. सामुदायिक केंद्रांचे प्रक्षेपक साधारण ५० वॅटचे असतात. हॉलोवेज गार्डनचा पहिला प्रक्षेपक ४० वॅटचा होता.

आता घरातल्या सर्व्हरकडे वळू. रिची स्ट्रीटच्या गल्लीत मिळणारा पाच वॅटचा लहान संगणक महिनाभर अखंड चालला तर सुमारे साडेतीन युनिट वीज खातो. तिचा बाऊ करण्याचे कारण नाही. अडचणी वेगळ्या आहेत आणि जुन्या वाचकाला त्या ओळखीच्या वाटतील. बहुतेक घरगुती इंटरनेट जोडण्यांत सेवापुरवठादार शेकडो घरे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतो. आतून बाहेर जाता येते. बाहेरून कोणी तुमच्या दारावर थाप मारू शकत नाही. घर पुन्हा श्रोता झाले, प्रक्षेपक राहिले नाही. स्थिर पत्ता मागितला तर वेगळे पैसे. मग खाऱ्या दमट हवेत गंजणाऱ्या जोडण्या, दोन-तीन वर्षांत दम सोडणारी यूपीएसची बॅटरी, प्रत प्रतीवर ठेवण्याची शिस्त, सुरक्षेच्या सुधारणा वेळेवर चढवण्याचे कंटाळवाणे काम. एका हौशी माणसाच्या फुरसतीवर हे सारे उभे असते. त्याची बदली झाली की कुटुंबाचा संग्रहही थांबतो.

म्हणून मला वाटते, घरोघरी सर्व्हर हा आग्रह धरण्यापेक्षा महाविद्यालय, ग्रंथालय, गृहनिर्माण संस्था यांनी आपापला छोटा सर्व्हर चालवावा आणि हौशी माणसांनी तो आळीपाळीने सांभाळावा. यंत्र लहान आणि जवळचे, देखभालीचा खर्च मात्र सामाईक. रिपन बिल्डिंगमध्ये हेच झाले होते. मोठ्या कंपनीच्या सेवेइतकी अखंडता यात मिळणार नाही, हे खरे. पण मोठ्या यंत्रणाही कोसळतात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा रेडिओ-मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला गेलेल्या भारती प्रसाद यांनी हौशी संचावरून मुख्य भूमीशी संदेश सुरू ठेवले.

२०२३ च्या दूरसंचार कायद्याने १८८५ चा तारायंत्र कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा दोन्ही मागे सारले. हौशी रेडिओसाठी मात्र परीक्षा आणि परवाना आजही लागतो. परीक्षेत थोडे विद्युत्शास्त्र आणि थोडे नियम विचारतात. वरच्या श्रेणीसाठी मोर्सही यावा लागतो. बसण्यासाठी किमान वय बारा वर्षे आहे.