दंतरोपण : शस्त्रक्रियेचे तंत्र व हाडाचे भरून येणे
जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात उभारणे म्हणजे दंतरोपण. हाड या धातूला थेट धरून ठेवते, हे स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांवरील प्रयोगांत आढळले. १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर रोपण झाले.

ही पकड बरीचशी छिद्र पाडणाऱ्या हातावर ठरते. घर्षणाने हाड मिनिटभर ४७° से. च्या वर तापले, तर त्याला कायमची इजा होऊ शकते. म्हणून धारदार ड्रिल, हलका दाब, सलाईनची अखंड धार आणि टप्प्याटप्प्याने रुंद केलेले छिद्र. बोथट ड्रिल रेटत नेणे सर्वांत वाईट. वरच्या जबड्याच्या मागच्या बाजूचे हाड जाळीदार, मऊ असते; तिथे छिद्र मुद्दाम थोडे अरुंद ठेवतात, म्हणजे स्क्रू घट्ट बसतो. खालच्या जबड्याच्या पुढच्या टणक हाडात हीच युक्ती अंगाशी येते: अतिदाबाने रक्तपुरवठा खुंटून हाड झिजते. सैल स्क्रू सुमारे १५० मायक्रॉनहून अधिक हलत राहिला, तर भोवती हाडाऐवजी तंतुमय ऊतक वाढते. गंमत म्हणजे, उत्तम बसवलेल्या स्क्रूचीही पकड तीन-चार आठवड्यांनी काहीशी ढिली होते. जुने हाड विरघळत असते आणि नवे अजून कोवळे असते.